पहिल्या दिवशी छर्रा नसतो

पिस्तूल हा शब्द आमच्या घरांतून हळू आवाजात उच्चारला जातो. १९९२-९३ ची मुंबई पाहिलेल्या पिढीला तो नुसता सिनेमातून माहीत झालेला नाही. त्यामुळे लालबागच्या चाळीत राहणाऱ्या माझ्या नववीतल्या विद्यार्थिनीने शूटिंग शिकायचा हट्ट धरला, तेव्हा तिच्या अम्मीने खर्च किती हे विचारलंच नाही. तिने विचारलं, "टीचर, आपल्या नावाच्या पोरीच्या हातात पिस्तूल दिसलं तर लोक काय म्हणतील?"

प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. पण आत काय चालतं ते न बघता उत्तर कसं देणार?

आपल्या भागात हा खेळ नवा नाही. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. दादरला शिवाजी पार्कसमोर सावरकर स्मारकातही नेमबाजी शिकवतात. (नाव ऐकून अम्मीच्या भुवया वर गेल्या. मी म्हटलं, निशाण्याला फक्त वर्तुळं असतात.) अंजली भागवत कीर्ती कॉलेजात एनसीसीत असताना रायफलकडे वळली आणि २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं.

आम्ही तिघी एका क्लबच्या पहिल्या वर्गाला गेलो. आधारची प्रत, फोटो, पालकांचं संमतीपत्र. मग दीड तास नुसतं ऐकणं. पोरगी हिरमुसली, मला मात्र ती शिकवण्याची पद्धत आवडली. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं समजायचं, रिकामं असल्याची खात्री असली तरी. नळी कायम निशाण्याच्या दिशेने. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. निशाण्यामागे काय आहे ते आधी बघायचं. एअर पिस्तुलाचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो, पण डोळा जायला तेवढा पुरतो. म्हणून चष्मा लावायचाच. छर्रे शिशाचे, त्यामुळे सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय खायचं नाही.

हुकूम चार. लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. पोरीने ते वहीत उर्दू लिपीत लिहून घेतले. 'स्टॉप' कुणाच्याही तोंडून आला तरी सगळ्यांनी थांबायचं, असं शिक्षकांनी बजावलं. पहिल्या दिवशी आलेल्या नवख्याचं ऐकून पदकविजेताही थांबतो, हे मला फार पटलं.

मग त्यांनी दाखवलं की पिस्तूल या हातातून त्या हातात द्यायचं नाही. रिकामं करायचं, नळीत भडक रंगाची सुरक्षा दोरी घालायची, टेबलावर ठेवायचं, दुसऱ्याने तिथून उचलायचं. इथे अम्मी पहिल्यांदा बोलली, "हे तर आपल्याकडे आहेच." खरंच आहे. नंगी तलवार एकमेकांच्या हातात देऊ नका, मस्जिद किंवा बाजारातून बाण नेताना त्यांची टोकं मुठीत धरा, थट्टेतसुद्धा भावावर हत्यार रोखू नका, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. मी ती लहानपणापासून ऐकत आलेय. रेंजवर ती टेबल, दोरी आणि रांगेच्या रूपात समोर होती. त्यानंतर अम्मीने नावाचा विषय काढला नाही. लोक मात्र काढतील, आणि त्याचा बंदोबस्त कुठलाही क्लब करून देत नाही.

पिस्तूल हातात आलं ते शेवटच्या वीस मिनिटांत, तेही छर्ऱ्याविना. सिनेमातल्यासारखं दोन्ही हातांनी धरायचं नसतं. आडवं उभं राहायचं, एक हात खिशात, दुसरा ताठ पुढे. दहा मीटरवरच्या निशाण्यातलं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. स्पर्धेत साठ छर्रे. पोरीचा हात मिनिटभरातच थरथरू लागला. घरी पाण्याची भरलेली बाटली हात लांब करून धरायचा गृहपाठ मिळाला.

स्कार्फची काळजी काही पालकांना वाटेल. आम्हाला एवढंच सांगितलं की त्याचं टोक डोळ्यासमोर येऊ नये. इराणच्या सारेह जवानमर्दीने रिओ आणि टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये हिजाब घालूनच एअर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवलं आहे.

पोरीच्या अब्बूंची शंका वेगळीच होती. यावरून बंदुकीचं लायसन्स मिळतं का? नाही. एअर पिस्तुलावर नेमबाजी शिकणं वेगळं आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना वेगळा. परवान्याचा अर्ज मुंबईत पोलीस आयुक्तालयात जातो, आणि २०१६ च्या नियमांनुसार त्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात-वरातीत बेपर्वाईने बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

एक व्यवहाराची गोष्ट. स्वतःचं पिस्तूल घ्यायची घाई करू नका. स्पर्धेचं चांगलं विदेशी एअर पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. सुरुवातीचे महिने क्लबच्याच पिस्तुलावर काढता येतात. आधी विचारून घ्या की क्लबच्या पिस्तुलावर आठवड्यातून किती वेळ मिळेल आणि छर्रे फीमध्ये धरलेत की वेगळे.