तंजावरहून काकांना

तंजावर, सोमवार रात्र

ती. काकांस,

पोचलो. उकाडा एवढा की कागद मनगटाला चिकटतो, आणि खोलीचं भाडं ऐकून काकू डोक्याला हात लावतील. जेवण मात्र झकास. सांबार चिंचेचं, दाट, वर मागाल तितकं. इथे सांगतात की तंजावरच्या शाहूजीराजांच्या मुदपाकात आमसुलं संपली, म्हणून चिंच घातली, आणि पाहुणे संभाजीराजे होते म्हणून नाव सांबार. त्या काळचा कागद मात्र कुणी दाखवत नाही. आपल्या कुलवृत्तांताचं पहिलं पान मला याच जातीचं वाटू लागलंय, म्हणून दमलेलो असूनही लिहितो.

तुम्ही लिहिलंय की मूळपुरुष व्यंकोजीराजांबरोबर आले, स्वराज्यासाठी लढले आणि पराक्रमाबद्दल त्यांना जमीन इनाम मिळाली. व्यंकोजीराजे १६७५-७६च्या सुमारास तंजावरला आले ते विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार म्हणून, इथल्या नायक घराण्यातल्या वारसाला गादीवर बसवायला. मग गादी स्वतःच घेतली. म्हणजे त्यांच्याबरोबर आलेला शिलेदार आदिलशाहीच्या चाकरीत होता. १६७७त शिवाजीमहाराज दक्षिणेत आले, भावाभावांची भेट झाली, वाटणीवरून बिनसलं, आणि त्याच वर्षी व्यंकोजीराजांची फौज महाराजांच्या बाजूने लढणाऱ्या संताजी भोसल्यांवर चालून गेली. आपले आजोबा-पणजोबा म्हणत तसे मूळपुरुष खरंच त्या फौजेत असतील, तर ते कुणाविरुद्ध लढले, हे आधी छापावं लागेल. तुम्ही म्हणाल, बृहदीश्वराच्या देवळात भोसले वंशाचा भलामोठा मराठी शिलालेख आहे, तो कसा नाकारणार? नाकारत नाही. पण तो १८०३चा, दुसऱ्या सरफोजींनी कोरवलेला, म्हणजे घटनांनंतर सव्वाशे वर्षांनी. आणि तो राजघराण्याचा इतिहास आहे, शिलेदारांची हजेरी नव्हे.

चेन्नई, गुरुवार

ती. काकांस,

इथे दमटपणा जास्त आणि कॉफी आणखी चांगली. कचेऱ्यांतल्या कारकुनांना घराण्याची गोष्ट नको असते. गाव, तालुका आणि नंबर द्या, नाहीतर मान वर होत नाही. राग येतो, पण त्यांचा हट्ट रास्त आहे.

तुमचा सगळा भर इनामाच्या नोंदीवर. ती इनाम कमिशनची आहे, आणि कमिशन मद्रास इलाख्यात १८५८त नेमलं गेलं. त्याचा एक नियम आपल्या मुळावर येतो. पन्नास वर्षांची वहिवाट दाखवली की हक्क मान्य. साधारण १८०८पासून जमीन ताब्यात असली की काम झालं. १६७६त कुणी कशासाठी दिली, हे सिद्ध करायची गरजच नव्हती. मूळ देणगीबद्दल नोंदीत जे लिहिलंय ते बऱ्याचदा त्या वेळच्या कब्जेदाराने सांगितलेलं असतं. कुणी मुद्दाम खोटं का सांगेल, असा तुमचा आक्षेप येईल. खोटं सांगितलं असं मी म्हणत नाहीच. पण जे तपासलं जाणार नव्हतं, त्याला साक्षीचं वजन कसं देणार? शिवाय फौजेच्या खर्चासाठी दिलेला मुलूख सरंजाम असे, चाकरी संपली की सरकारजमा होण्याजोगा. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं इनाम दिसलं की आधी धर्मादाय, विद्या, वतन ही कारणं तपासावीत. तंजावरचं एक गाजलेलं दान शाहूजीराजांनी १६९३त तिरुविशनल्लूरला दिलं, तेही पंडितांना. लढाईबद्दल इनाम मिळतच नसे असं नाही, पण ते सांगायला सनद हवी.

आणि सनदेची आपल्याकडची नक्कल? तिच्यात नुसतं ‘सन १०८५’ आहे. तुम्ही तो फसली धरून ५९० मिळवलेत, १६७५ आलं, आणि व्यंकोजीराजांशी गाठ जमली. पण मराठी दफ्तरात चाले तो शुहूर सन. त्यात ५९९ मिळवायचे, म्हणजे १६८४. त्या साली गादीवर शाहूजीराजे आले. नक्कल कंपनीच्या अमलातली असेल तर फसलीच असणार, हे तुमचं म्हणणं वजनदार आहे, कारण मद्रासचा वसूल फसलीनेच चाले. मात्र नक्कलकार बहुधा सन बदलत नसे. मुळात ‘खमस समानीन अलफ’ असं अक्षरांत असेल तर त्याने फक्त आकडे केले असतील. या नऊ वर्षांवर आपलं सगळं पहिलं पान उभं आहे. मूळपुरुष नव्या राजाच्या राज्यात कारकुनी करायला आले असते, तरी हीच नक्कल जुळली असती.

त्यामुळे एवढंच छापा, की घराण्याचं इनाम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून वहिवाटीत होतं आणि सनदेच्या नकलेवर १०८५ हा सन आहे. ‘पराक्रम’ काढा. नक्कल ट्रंकेतून काढून दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा, मागच्या शिक्क्यासकट. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी रुमालांचं वाचन करणाऱ्यांना तो दाखवता येईल. आणि तोवर छापखान्याला थांबायला सांगा, कितीही ओरडला तरी.