होळीनंतरचं जयपूर, मेंढरांच्या वाटेने

जयपूर म्हटलं की हवामहल, आमेरचा किल्ला आणि लाखेच्या बांगड्या! पण होळीनंतर जाणार असाल, तर एक दिवस राखून ठेवा आणि फागी-डिग्गीमार्गे मालपुऱ्याचा रस्ता धरा. अंतर सुमारे नव्वद किलोमीटर.

या दिवसांत मोहरी निघालेली असते, गहू पिवळा पडू लागलेला असतो. मोकळ्या रानात मेंढ्या चरताना दिसतात. फिकट तपकिरी तोंड, आखूड कान, जाडीभरडी पांढरी लोकर, ही इथली मालपुरा जात. थंडीत जन्मलेली कोकरं आयांच्या मागे बागडत असतात. आपल्याकडे धनगर शेतात मेंढ्या बसवतात, तसंच इथेही रिकाम्या रानाला खत मिळतं. खेजडीचा, म्हणजे आपल्या शमीचा, पाला त्यांच्या खास आवडीचा.

कातरणीही याच दिवसांतली. मात्र ही लोकर गालिचे-नमद्यांच्या कामाची. तिला भाव इतका कमी, की कधी कधी कातरणीची मजुरीही सुटत नाही. घर चालतं ते कोकरांवर. मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. ते दगावलं, की पाच महिन्यांचं गाभणपण वाया.

म्हणूनच मालपुऱ्याजवळ अविकानगरला १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने जुळी देणारी ‘अविशान’ मेंढी तयार केली. तिच्यात मालपुरा आणि गुजरातच्या पाटणवाडीबरोबर सुंदरबनच्या चिमुकल्या गारोळ मेंढीचा वंश आहे. आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनेही याच गारोळच्या मदतीने दख्खनी मेंढीपासून ‘नारी सुवर्णा’ घडवली.

एकाऐवजी दोन कोकरं, ही आनंदाचीच गोष्ट. पण दोघांना दूध पुरायचं, तर आईच्या पोटात चारा हवा. गावोगावची कुरणं आक्रसत असताना तो आणायचा कुठून, हा मेंढपाळाच्या घरातला खरा प्रश्न आहे.

परतताना टोंकमार्गे या. आपल्या पंचांगाप्रमाणे फाल्गुन वद्य अष्टमीला चाकसूजवळच्या शील की डूंगरीवर शीतळामातेची यात्रा भरते. त्या दिवशी चूल पेटत नाही. आदल्या दिवशी रांधलेलं थंड अन्न मातेला दाखवून घरचे खातात. मागणं एकच, लेकरं सुखरूप राहोत. मेंढपाळाच्या घरी या मागण्यात कोकरंही आलीच!