ससे, काजू आणि ग्रीन फी

स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर अठरा होलांचा एक राउंड खेळायचा तर 2024 च्या हंगामात 320 पौंड मोजावे लागत. तेव्हाच्या भावानं साधारण चौतीस हजार रुपये. कॅडी वेगळा, जेवण वेगळं, गवतात हरवलेले चेंडू आपल्या खात्यावर. कॅलिफोर्नियात पेबल बीचला 675 डॉलर, म्हणजे छप्पन्न हजारांच्या घरात. वर तिथं खेळायची वेळ बरीच आधी पक्की करायची असेल तर त्यांच्याच हॉटेलात मुक्काम करावा लागतो आणि त्या मुक्कामापुढे ही फी किरकोळ वाटू लागते. दोन्हीकडे खेळ चार-पाच तासांत आटोपतो.

म्हापशात बसून असले हिशेब करणाऱ्या माणसाकडे लोक जरा काळजीनं बघतात. हा फुटबॉलचा मुलूख. दुलेरच्या स्टेडियमवर सामना असला की गर्दी कशी लोटते ते मी लहानपणापासून बघत आलोय. गोल्फ खेळतो म्हटलं की समोरचा आधी माझ्या चपलांकडे बघतो आणि मग हसतो. एका फुटबॉलवाल्या मित्राचं मत फार स्पष्ट आहे: "बॉल इतलोसो, आनी पयशे इतले!" फक्त 2021 च्या ऑगस्टमध्ये तोक्यो ऑलिंपिकला अदिती अशोकचं पदक थोडक्यात हुकलं आणि ती चौथी आली, त्या शनिवारी सकाळी याच मित्राचा फोन आला होता. बर्डी म्हणजे काय ते त्याला तातडीनं हवं होतं. सोमवारपर्यंत तो पुन्हा मूळपदावर आला.

मला हा नाद नोकरीच्या निमित्तानं पुण्यात लागला, येरवड्याच्या मैदानावर, दुसऱ्यांचा पाहुणा म्हणून. निवृत्तीनंतर घरी परतलो तेव्हा कळलं की बार्देशात, पेडण्यात, डिचोलीत गोल्फचं मैदानच नाही. गोव्यात जे आहे ते पार दक्षिणेला, हॉटेलांच्या आवारात: काणकोणात राजबागेला नऊ होल, मोबोरला एक छोटेखानी. म्हापशाहून काणकोण गाठायचं म्हणजे अख्खा गोवा उभा ओलांडायचा. नाहीतर डिचोली, साखळी करत चोर्ला घाट चढून बेळगावची वाट धरायची. त्यामुळे माझ्या प्रत्येक राउंडला पेट्रोल चिकटलेलं असतं. स्वस्त मैदान असं मला कधी मिळालंच नाही. तेव्हा महागड्या मैदानाचा विचार मनात आला तो श्रीमंती म्हणून नव्हे. एवढं जातोच आहोत तर आणखी थोडं पुढं का नको, अशा सरळ वाटेनंच तो आला.

निमित्तही होतं. म्हापशाच्या निम्म्या घरांसारखं आमचंही एक माणूस इंग्लंडात स्विंडनला आहे. भाची. आजोबांच्या नावावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून गेली आणि तिथलीच झाली. मध्यंतरी मोपाच्या विमानतळावरून थेट लंडनच्या गॅटविकला विमान जायचं, तेव्हा तर तिचा रोजचा धोशा होता, या, या. विमानाचं भाडं भाचीच्या खाती, म्हणजे नात्याच्या खाती. उरली फक्त ग्रीन फी, म्हणजे मैदानावर खेळायचे पैसे. ती मात्र निव्वळ माझ्या हौसेच्या खाती जाणार आणि तिथंच घोडं अडलं.

तीनशे वीस पौंडांत नेमकं काय मिळतं? गवत नीट कापलेलं असतं, ते दहा पौंडांतही मिळतं. समुद्राचा वारा फुकट. उरतं ते मैदानाचं नाव आणि मैदानाची रचना. नावाची गोष्ट मला आमच्या बाजारानं केव्हाच शिकवली आहे. फेब्रुवारीच्या सुमाराला पहिला मानकुराद म्हापशात येतो तेव्हा डझनाला पाच-सहा हजार रुपये सांगतात आणि तो खपतोही. मे महिन्यात तोच मानकुराद काहीशे रुपयांत, आणि चवीला पुष्कळदा सरस. पहिल्या डझनाचं गिऱ्हाईक मी अनेकदा न्याहाळलंय. त्यातले निम्मे आंबे विकत घेणाऱ्याच्या घरी जातच नाहीत, कुणाच्या तरी टेबलावर पोचतात. पण एखादा म्हातारा असतो, एकटाच, एक डझन परवडत नाही म्हणून दोन आंबे मागणारा. मला त्याच्याशी कधी वाद घालावासा वाटलेला नाही.

रचनेचा प्रश्न जास्त नाजूक आहे, कारण तो माझ्या खेळाशी येऊन भिडतो. नामांकित मैदानांचं सगळं कसब कुठं दडलेलं असतं? टीपासून अडीचशे यार्डांवर, नेमक्या जागी खोदलेल्या बंकरमध्ये. ग्रीनच्या मागच्या कोपऱ्यातल्या चिंचोळ्या सपाटीत. अमुक बाजूनंच चेंडू आला तर तो थांबतो, नाहीतर घरंगळतो, अशा उतारात. हे सगळं त्याच्यासाठी, ज्याचा चेंडू तो बघतो त्या दिशेला जातो. माझा त्या बंकरपर्यंत पोचतच नाही. आर्किटेक्टनं मला अडवायला लाखो डॉलर खर्चून जो खड्डा खणला, त्याच्या पन्नास यार्ड अलीकडे मी स्वतःच स्वतःला अडवून बसलेला असतो. पेबल बीचच्या फीमधला फार मोठा हिस्सा अशा गोष्टींचा आहे, ज्या मी फक्त लांबून बघणार. माझ्या हिशेबाच्या वहीतलं ते नाव मी इथंच खोडलं.

ओल्ड कोर्सला हा हिशेब लागू पडत नाही, आणि माझी खरी अडचण तीच आहे. तिथं बंकर शंभराहून जास्त आहेत, पण फेअरवे इतके ऐसपैस की पहिला आणि अठरावा होल तर एकाच गवताळ पट्ट्यात मावलेत. चौदा होलांची ग्रीन जोडीजोडीनं सामाईक आहेत. हेलकावे खाणारी जमीन, तीवरून चेंडू हवेत न उडवता नुसता पटरनं घरंगळवत नेला तरी चालतं. दुबळ्या खेळाडूला ते मैदान हाकलून देत नाही. सतराव्या रोड होलवर भल्याभल्यांची फजिती होते, पण फजितीला ग्रीन फी भरायची माझी ना नाही.

खेळ बाजूला ठेवला तरी प्रतिष्ठेचा प्रश्न उरतोच. बहुतेक मैदानांना ती कशी आली हे खोदून बघितलं तर तळाशी एक कुंपण सापडतं. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलला पैसे देऊन खेळताच येत नाही. तिथं निमंत्रण लागतं, आणि त्या क्लबनं पहिला कृष्णवर्णीय सभासद 1990 मध्ये घेतला, पहिल्या दोन स्त्रिया 2012 मध्ये. आपल्याकडेही साहेबांच्या काळात निराळं नव्हतं. मुंबईत गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला मज्जाव होता आणि 1918 मध्ये विलिंग्डन क्लब निघाला तो दोघांना एकत्र बसता-खेळता यावं म्हणून. अशा ठिकाणी फी भरताना आपण बऱ्याच अंशी बाहेर ठेवलेल्या माणसांचे पैसे भरत असतो. आत किती कमी लोक आहेत, त्यावर भाव ठरतो.

सेंट अँड्रूजची कथा उलटी आहे. गावालगतच्या त्या वाळूच्या माळावर गोल्फ खेळायचा गावकऱ्यांचा हक्क आर्चबिशपनं 1552 च्या सनदेत मान्य केला. त्याच सनदेत आर्चबिशपला तिथं ससे पाळायची मुभा होती. अडीचशे वर्षांनी, 1797 मध्ये, नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिनं तो माळ सशांचा धंदा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या घशात घातला. ससे मांसासाठी आणि कातड्यासाठी. त्यांनी माळभर बिळं केली. गावकरी भडकले, हाणामाऱ्या झाल्या, भांडण कोर्टात गेलं आणि वीसेक वर्षं धुमसत राहिलं. शेवटी 1821 मध्ये जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदारानं, जो स्वतः गोल्फ खेळायचा, तो माळ विकत घेतला आणि ससे गेले. आज ती जमीन सार्वजनिक आहे. 1974 च्या कायद्यानं नेमलेला ट्रस्ट कारभार बघतो. गावचा रहिवासी वर्षाला काहीशे पौंड भरून तिथल्या मैदानांवर वर्षभर खेळतो. म्हणजे माझे तीनशे वीस पौंड एका अर्थी गावकऱ्याची फी कमी ठेवायला जातात. हे मला खुपत नाही. जत्रेला बाहेरून आलेल्यानं गावापेक्षा चार पैसे जास्त टाकावेत, हे बोडगेश्वराच्या म्हापशात वाढलेल्याला वेगळं सांगायला नको.

पण ससे मला सोडेनात, कारण तसंच एक प्रकरण आमच्या पेडणे तालुक्यात घडलेलं आहे.

केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं पलीकडे गेलं की तेरेखोल. नदीच्या उत्तरेला उरलेला गोव्याचा एवढासा तुकडा. किल्ला, चर्च, थोडी घरं, आणि सड्यावर काजू. या गावाची बरीचशी जमीन घेऊन तिथं गोल्फचं मैदान आणि पंचतारांकित हॉटेल उभारायचा बेत होता. 2014-15 च्या सुमाराला प्रकरण पेटलं. ज्या काजूंखाली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबली, ती जमीन कुळांची आहे असं गावकरी म्हणाले. गोव्यात 1964 चा कूळ कायदा आहे, 1975 चा मुंडकार कायदा आहे, आणि 1976 च्या दुरुस्तीनं कसणाऱ्याला जमिनीचा मालकच मानलंय. प्रकरण कोर्टात गेलं, लोक रस्त्यावर उतरले. मैदान झालं नाही.

त्या दिवसांत मला एकानं डोळा मिचकावून विचारलं होतं, "बाब, तुमचें बरें जातलें आसलें न्ही?" झालंच असतं. तासाभराच्या वाटेवर अठरा होल, खाली अरबी समुद्र, पलीकडे केरीची पुळण. चोर्ला घाट सुटला असता, काणकोण सुटलं असतं. ग्रीन फी समजा पाच हजार ठेवली असती तरी माझ्या पेट्रोलच्या हिशेबात ती परवडली असती, आणि मी ती कुरकुर न करता भरली असती. पण जांभ्या दगडाच्या सड्यावर हिरवळ राखायची तर उन्हाळ्यात रोज लाखो लिटर पाणी लागतं आणि सड्यावरचं पाणी पावसाळा संपला की वाहून गेलेलं असतं. मार्च ते मे, जेव्हा बोंडू गळतात, हुर्राकाचा वास दरवळतो आणि त्या तीन महिन्यांच्या कमाईवर घर वर्ष काढतं, नेमक्या त्याच दिवसांत ग्रीनला सगळ्यात जास्त पाणी हवं असतं. पाच हजारांच्या पावतीवर यातलं काहीच छापलं नसतं. सेंट अँड्रूजला गोल्फ खेळणारे गावकरी होते आणि ससे बाहेरचे. तेरेखोलात ससे आम्ही झालो असतो.

म्हणून किती खर्च करावा हा प्रश्न मी आता रुपयांत सोडवत नाही. चौतीस हजार मला महाग आहेत, पण ते संपूर्ण माझेच आहेत. तेरेखोलचे पाच हजार स्वस्त पडले असते कारण उरलेलं बिल दुसरं कुणीतरी भरलं असतं. अशी स्वस्त मैदानं जगात पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही फार नामांकित आहेत.

फी न भरता उत्तम मैदान पाठ करणारेही असतात, हे बोलता बोलता राहून जातं. 1829 साली निघालेला रॉयल कलकत्ता हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब. एस. एस. पी. चौरसियाचे वडील तिथं ग्रीनकीपर होते. पोरगा त्या हिरवळीवरच वाढला आणि पुढे 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं त्यानं इंडियन ओपन जिंकली. त्याच्याही आधी, 1991 मध्ये, ती स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्लीच्या कॅडींच्या घरातला. मैदानाचा उतार कुठं आहे हे विचारायचं तर मी सभासदाला कधी विचारत नाही, कॅडीला विचारतो. तेव्हा मी पैसे वाचवीन ते हॉटेलात, जेवणात, स्मरणिका विकणाऱ्या दुकानात. कॅडीच्या मजुरीत नाही.

ठरलंय ते असं. सेंट अँड्रूजला आता रेल्वे जात नाही, ती 1969 मध्ये बंद झाली. ल्यूखर्सला उतरून बस धरायची. ओल्ड कोर्सच्या बऱ्याचशा वेळा सोडतीनं मिळतात. दोन दिवस आधी नाव द्यायचं, नाव द्यायला पैसे पडत नाहीत. नाव निघालं तर तीनशे वीस, किंवा तोवर वाढून जे काही झालं असेल ते, मुकाट भरायचं. नाही निघालं तर शेजारी 1895 चा न्यू कोर्स आहे, ओल्ड टॉम मॉरिसनं आखलेला, तो निम्म्याहून कमी पैशांत. दलालाकडून पॅकेज घेऊन वेळ विकत घ्यायची नाही. आणि रविवारपर्यंत थांबायचं, कारण रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद असतो. गाव तिथं कुत्री घेऊन फिरायला येतं, पोरं बागडतात, कुणी फेअरवेवर डबा उघडून बसतं. हे मी बायकोला कौतुकानं सांगितलं. तिनं रविवारची फी विचारली. काहीच नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मागीर शेनवारा पयशे कित्याक दिवपाचे?" मला अजून पटेलसं उत्तर सुचलेलं नाही.

एक गोष्ट मात्र वहीत लिहायची राहिली होती. ओल्ड कोर्सवर उतरायला हँडिकॅपचा, म्हणजे खेळाच्या पातळीचा, दाखला लागतो, छत्तीसच्या आतला. माझा जुना कागद पुण्याच्या दिवसांतला, केव्हाच शिळा झालेला. नवा काढायचा म्हणजे कुठल्यातरी क्लबात रीतसर राउंड खेळून, कार्डं भरून, कुणाची तरी सही घेऊन द्यावी लागणार. तेव्हा या मोसमात पैसे खर्च होणार आहेत ते चोर्ला घाटात, डिझेलच्या ट्रकांमागे रांगताना. गाडीचे पुढचे दोन टायर मात्र त्याआधी बदलायला हवेत.