मुदत सरण्यापूर्वी

पेढीवर एखादा असा मोलाचा जिन्नस असतो की ज्याच्यामुळे दुकानाचे नाव होते आणि गिऱ्हाईक पायरी चढते. मात्र बाकीच्या व्यवहाराचा ताळेबंद वर्षानुवर्षे तोटाच दाखवीत राहतो. चांगला भाव येत असताना तो जिन्नस विकून भांडवल मोकळे करावे, की दुकानाची शोभा म्हणून राखून ठेवावा, हा पेच व्यापारी घराण्यांना नवा नाही. अमेरिकेत बेसबॉल संघांच्या मालकांपुढे हाच पेच दर उन्हाळ्यात उभा राहतो. तेथे तो जिन्नस म्हणजे हाडामांसाचा खेळाडू असतो आणि गिऱ्हाईक म्हणजे मुलांचा हात धरून मैदानावर येणारी कुटुंबे असतात, एवढाच काय तो फरक.

या व्यवहाराची रीत प्रथम समजून घेतली पाहिजे. मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. तळाला गेलेला संघ स्पर्धेबाहेर काढला जात नाही. उलट नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याचा क्रमांक आधी लागतो. खेळाडू सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत सामान्यतः संघाला बांधलेला असतो आणि त्यानंतर तो वाटेल तेथे करार करू शकतो. म्हणजे भाडेपट्ट्याच्या जागेसारखीच ही गोष्ट झाली. पट्ट्याची जितकी वर्षे शिल्लक तितकी पगडी अधिक येते आणि मुदत सरली की हाती केवळ किल्ली परत करण्याचे काम उरते. म्हणून हरणारे संघ उन्हाळ्यातील अदलाबदलीच्या अखेरच्या दिवसापूर्वी आपले नामवंत खेळाडू देऊन होतकरू तरुण घेतात. याला तेथे पुनर्बांधणी म्हणतात.

डिस्नेलँडमुळे कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम हे गाव अनेक भारतीय कुटुंबांना ठाऊक आहे. त्याच गावात लॉस एंजेलिस एंजल्स हा संघ खेळतो. या संघाकडे एकाच वेळी दोन असामान्य खेळाडू होते. माइक ट्राउटला तीन वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला होता आणि २०१९ मध्ये संघाने त्याच्याशी १२ वर्षांचा, ४२ कोटी ६५ लाख डॉलरचा करार केला. दुसरा जपानचा शोहेई ओतानी. चेंडू फेकणे आणि फलंदाजी ही दोन्ही कामे एकाच माणसाने अव्वल दर्जाने करावीत, हे दृश्य त्या खेळाने बेब रूथनंतर क्वचितच पाहिले होते. ओतानी २०१८ मध्ये या संघातून खेळू लागला. पुढील सहाही हंगामांत एंजल्सचे पराभव विजयांपेक्षा अधिक राहिले. दोन रत्ने असूनही हार पूर्ण होत नव्हता, कारण ओवायला बाकीचे मणी नव्हते.

जुलै २०२३ मध्ये ओतानीच्या सेवेचे अवघे दोन-अडीच महिने उरले होते. संघ विजय-पराजयाच्या काठावर होता आणि बाद फेरीची आशा अंधूक असली तरी मावळली नव्हती. व्यवस्थापनाने ओतानीला न देण्याचे ठरविले. एवढेच नव्हे, तर आपल्याकडील दोन होतकरू तरुण शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाला देऊन ल्युकास जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ हे अनुभवी खेळाडू आणले. दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, डेट्रॉइट येथे एकाच दिवशी दोन सामने होते. पहिल्यात ओतानीने प्रतिपक्षाला एकही धाव घेऊ दिली नाही आणि दुसऱ्यात त्याने दोन वेळा चेंडू मैदानाबाहेर फटकावला. निर्णय योग्यच होता असे त्या रात्री कोणालाही वाटले असते.

त्यानंतर ऑगस्ट उजाडला. महिन्याच्या आरंभीच एंजल्सने सलग सात सामने गमावले. २३ ऑगस्टला ओतानीच्या कोपराचा अस्थिबंध फाटल्याचे निष्पन्न झाले. महिनाअखेर संघाने जिओलिटो आणि लोपेझसह अनेक खेळाडूंना मोकळे केले. ज्यांच्यासाठी उद्याचे भांडवल मोजले होते, ते उरलेल्या पगाराच्या बोलीवर इतर संघांनी उचलून नेले. हंगाम ७३ विजय आणि ८९ पराभवांवर संपला.

डिसेंबरमध्ये ओतानीने त्याच महानगरातील लॉस एंजेलिस डॉजर्सशी १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा करार केला. त्यातील ६८ कोटी डॉलर २०३४ ते २०४३ या काळात बिनव्याजी द्यावयाचे आहेत. बँकेच्या हिशेबाची सवय असलेल्या माणसाला या कलमाचा अर्थ लगेच उमगतो. आजच्या मूल्याने ती रक्कम बरीच कमी भरते आणि डॉजर्सला अन्य खेळाडूंसाठी पैसा मोकळा राहतो. डॉजर्सने २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये विश्वविजेतेपद मिळविले. एंजल्सच्या पदरी भरपाई म्हणून नवोदितांच्या निवडीत दुसऱ्या फेरीनंतरची एक जागा आली. २०२४ च्या हंगामात त्यांनी ९९ सामने गमावले. त्यांच्या इतिहासात इतके पराभव कधीच झाले नव्हते.

यावरून ‘विकायला हवे होते’ असा निकाल देणे सोपे आहे. तो पुरता न्याय्य नाही. असा खेळाडू शतकात एखादाच येतो. त्याला पाहण्यासाठी तिकीट काढणाऱ्याला केवळ पाच वर्षांनंतरचे आश्वासन देऊन परत पाठविणे हीसुद्धा एक प्रकारची तूटच असते. ती ताळेबंदात दिसत नाही, पत मात्र खाते. शिवाय विकणे म्हणजे आपोआप उभारणे नव्हे. पिट्सबर्ग पायरेट्स १९९३ ते २०१२ असे सलग २० हंगाम पराभवाच्या बाजूला राहिले. त्या काळात उद्याच्या नावाने बरेच काही दिले-घेतले गेले, पण तेथील एक पिढी उद्याची वाट पाहतच मोठी झाली.

ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचे उदाहरण पुनर्बांधणीचे समर्थक नेहमी देतात. २०११ ते २०१३ या तीन हंगामांत त्यांनी अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने गमावले आणि २०१७ मध्ये विश्वविजेतेपद मिळविले. हिशेब जुळला खरा. परंतु त्याच हंगामात कॅमेऱ्याच्या साहाय्याने प्रतिपक्षाच्या खुणा चोरल्याचे पुढे उघड झाले. २०२० मध्ये ५० लाख डॉलरचा दंड झाला, महाव्यवस्थापक आणि प्रशिक्षक यांना एक वर्ष निलंबित करण्यात आले आणि मालकाने दोघांनाही काढून टाकले. भावी लाभासाठी आजची लाज गुंडाळून ठेवण्याची सवय लागली की ती कोठे थांबेल, हे सांगता येत नाही. मुद्दाम तळाला जाण्याच्या या वृत्तीला आळा बसावा म्हणून लीगने २०२२ पासून निवडीच्या पहिल्या सहा जागांसाठी सोडत सुरू केली.

तिसरा मार्ग वॉशिंग्टन नॅशनल्सने दाखविला. २०१८ मध्ये त्यांनी ब्राइस हार्परला अखेरपर्यंत राखले. तो निघून गेला आणि पुढच्याच वर्षी संघ विश्वविजेता झाला, कारण त्याच्यामागे भक्कम फळी उभी होती. २०२२ मध्ये परिस्थिती पालटली होती. हुआन सोतोने ४४ कोटी डॉलरचा प्रस्ताव नाकारला, तेव्हा त्याच्या सेवेचे अजून दोन हंगामांहून अधिक शिल्लक होते. संघाने त्याच वेळी त्याला सॅन डिएगोला दिले आणि पाच होतकरू तरुण मिळविले. त्यांतील अ‍ॅब्रम्स, गोर आणि वुड हे तिघे पुढे ऑल-स्टार सामन्यासाठी निवडले गेले. विजय अद्याप आलेला नाही. २०२५ मध्येही हा संघ ९६ सामने हरला. परंतु जे गेले त्याचे मोल मिळाले आणि ते कोठे गुंतविले हे लोकांना दिसते.

या साऱ्या उदाहरणांत राखणे किंवा विकणे यापेक्षा तारीख महत्त्वाची ठरते. एंजल्सची चूक जुलै २०२३ मधील नव्हती. तोवर दोन्ही वाटा अवघड झाल्या होत्या. खरा निर्णय २०२२ च्या उन्हाळ्यात घ्यावयास हवा होता. तेव्हा ओतानीच्या मुदतीचे दीड हंगाम उरले होते आणि संघ त्याही वर्षी ८९ सामने हरण्याच्या वाटेवर होता. त्या वेळी भोवती भक्कम संघ उभारण्याचा निश्चय करता आला असता, किंवा योग्य मोल घेऊन त्याला सन्मानाने निरोप देता आला असता. त्याच ऑगस्टमध्ये मालक आर्टे मोरेनो यांनी संघ विकण्याचा विचार जाहीर केला आणि काही महिन्यांनी तो मागे घेतला. पेढीचेच काय करायचे हे ठरत नसेल, तर पेढीवरच्या मालाचे काय ठरणार?

पेढी बुडते तेव्हा बहुधा चुकीच्या सौद्यापेक्षा न केलेल्या मोजदादीने बुडते. भिंतीवरील मालाची शोभा पाहून वही उघडण्याचे टाळले जाते आणि मग मुदत स्वतःच निर्णय घेते. ती आपल्या हिताचा निर्णय घेईल असे मानण्याला काही आधार नसतो.

ट्राउट अजून अ‍ॅनाहाइममध्येच आहे. त्याचा करार २०३० पर्यंतचा आहे. तीन वेळा सर्वोत्तम ठरलेल्या या खेळाडूच्या वाट्याला बाद फेरीचे अवघे तीन सामने आले. ते सारे २०१४ मधील होते आणि तिन्हींत पराभव झाला. त्याने संघ सोडला नाही. त्याच्या निष्ठेचे ऋण संघाच्या कोणत्याही वहीत नावे टाकलेले नसेल. पण जो राहिला त्याच्यासाठी काय उभारले, याचे उत्तर मालकाला द्यावेच लागते. मूल्यवान माणसाला राखून ठेवणे हा त्याचा सन्मान तेव्हाच ठरतो, जेव्हा त्याच्याभोवती त्याच्या तोलाचे घर बांधण्याची तयारी असते. ती नसेल, तर मुदत सरण्यापूर्वी त्याची वाट मोकळी करणे यातच दोघांचेही हित असते.