पोस्टरभाऊ, पंचनामा ६५ वर होतो

पोस्टरभाऊ,

काल स्टेशन रोडवरच्या फ्लेक्सवाल्याकडे तुझी चौकशी करून आलो. "केवढा करायचा, सर?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, ए-झीरो. हे माप त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं आणि मला ते फुटांत सांगता येईना. शेवटी मोबाइलवर हिशेब केला : ८४१ मिलिमीटर रुंद, ११८९ उंच, म्हणजे पावणेतीन बाय चार फूट, वर-खाली एखादा इंच. "मंग असं सांगा ना! वाढदिवसाच्या बॅनरचं पिल्लू," तो म्हणाला आणि कोरलमध्ये पान उघडता उघडता पुढचं विचारलं, "खाली शुभेच्छुकमध्ये फोटो कोनाकोनाचे?"

हसू नकोस. आमच्या तालुक्यात तुझ्याबद्दल हीच समजूत आहे आणि ती त्या पोराची एकट्याची नाही. कॉलेजात 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेसाठी पोस्टरं होतात. डाव्या कोपऱ्यात संस्थेचं बोधचिन्ह, उजव्या कोपऱ्यात विद्यापीठाचं, मधे कॉलेजचं नाव पत्त्यासकट, त्याखाली मार्गदर्शकांची नावं पदव्यांसकट. एवढं झाल्यावर उरलेल्या जागेत संशोधन, तेही इतक्या बारीक अक्षरात की परीक्षकाला चष्मा कपाळावर सरकवून नाक बोर्डाला लावावं लागतं. प्राध्यापकांचं तर विचारूच नकोस. यूजीसीच्या २०१० च्या नियमांनी प्रत्येक कागदाला गुण लावून दिले आणि तेव्हापासून पेपर वाचणारा मोठा, पोस्टर लावणारा किरकोळ, अशी उतरंड आमच्या स्टाफरूममध्ये बसली. तू म्हणजे पोराबाळांचं काम. मीही हेच मानत होतो.

तुझं मूळ वाचलं तेव्हा जरा वरमलो. १९६९ साली माद्रिदला युरोपातले जैवरसायनशास्त्रज्ञ जमले होते, तिथं तू पहिल्यांदा भिंतीवर चढलास असं सांगतात. अमेरिकेत पोचायला तुला १९७४ उजाडलं. व्यासपीठावरची वेळ थोडी आणि सांगणारी माणसं उदंड. मग आपलं काम भिंतीला लावा आणि शेजारी उभे राहा. या शेजारी उभं राहण्यात सगळी गंमत आहे. आमची पाचोरा-जामनेर नॅरोगेज, आमची पीजे, २०२० पर्यंत धावायची. ५६ किलोमीटर. मेन लाइनवरची एक्स्प्रेस धडाधड निघून जाते, खिडकीतलं तोंडही दिसत नाही. पीजे थांबत थांबत जायची आणि लोक खाली उतरून गप्पा मारून पुन्हा चढायचे. पेपर ही एक्स्प्रेस. तू पीजे.

माझा विषय संगणक. तो शिकवायचा कसा, यावरची अमेरिकेतली मोठी परिषद १९७० मध्ये ह्यूस्टनला सुरू झाली. एसीएम या संगणकवाल्यांच्या संघटनेची आपल्याकडची 'कॉम्प्युट' परिषद २००८ मध्ये बंगळुरूला निघाली आणि पुढे तिनं संगणकशिक्षण हाच विषय धरला. २०१९ ला ती गोव्यात झाली, २०२२ ला जयपूरला, २०२३ ला हैदराबादला. तालुक्याच्या कॉलेजातल्या मास्तरानं अशा ठिकाणी जायचं तर त्याच्या हातात तूच असतोस. पूर्ण पेपरासाठी लागणारी आकडेवारी, दोन-तीन कॉलेजांतले वर्ग, तुलनेचा गट, हे मी कुठून आणू?

तरीही पहिल्या वेळी मी पेपराचा तोरा तुझ्या अंगावर चढवला. दोन वर्षांपूर्वी एका परिषदेला तुझ्या थोरल्या भावाचं, म्हणजे आधीच्या पोस्टरचं, टिपण पाठवलं. शीर्षक : 'ग्रामीण विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यातील अडचणी व उपाय'. दोन पानांत सात अडचणी आणि नऊ उपाय. परीक्षकानं परत पाठवताना दोनच ओळी लिहिल्या होत्या. या अडचणी तुम्हाला कशावरून कळल्या? यांतली कोणती तुम्ही स्वतः पाहिलीत? मी आठवडाभर त्या अनामिक माणसावर चिडून होतो. लॅबच्या शिपायालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरोबर इचारतोय ना, सर."

म्हणून या खेपेला एकच गोष्ट घेतली आहे. पाऊस.

येल विद्यापीठात इलियट सोलोवे आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात नवशिक्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका गोळा करत होते. त्यांचं एक गणित इतकं गाजलं की या क्षेत्रातल्या माणसांत नुसतं 'रेनफॉल' म्हटलं तरी पुरतं. बायबलातल्या नोहाला नौका कधी पाण्यात लोटायची ते ठरवायचंय, म्हणून तो येलच्या न्यू हेवनचा रोजचा पाऊस टाइप करतो. ९९९९९ आलं की थांबायचं. उणे आकडा आला तर घ्यायचा नाही. शेवटी सरासरी, पावसाचे दिवस आणि सगळ्यांत मोठा आकडा सांगायचा. दिसायला किती सोपं! पण नवी पोरं इथं हमखास घसरतात. कुणी ९९९९९ हाही पाऊसच समजून बेरजेत धरतं, कुणी एकही नोंद नसताना शून्यानं भागायला जातं.

मी ते पहिल्या वर्षाला मराठीत दिलं. नोहाला सुट्टी देऊन तलाठी आप्पांना बसवलं आणि न्यू हेवनच्या जागी नगरदेवळा महसूल मंडळ टाकलं. फळ्यावर लिहून वळलो तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. घरी कपाशी आहे तिच्या. "सर, पानी पडनंच नही ते?"

"शून्य टाक."

"तसं नही. मोजनंच नही कोनी, ते? तेबी शून्यच का?"

मी खडू हातात धरून उभाच राहिलो. पाऊस न पडणं आणि पाऊस न नोंदणं यातला फरक मी वर्षानुवर्षं 'एरर हँडलिंग' या मथळ्याखाली, दुसऱ्या सत्रात, घाईघाईत शिकवत आलो. तिनं तो पहिल्या पाच मिनिटांत विचारला, कारण तिच्या घरी त्या फरकाला किंमत आहे. शून्याची नोंद भागाकारात दिवस म्हणून मोजली जाते, नसलेली नोंद मोजता येत नाही. वर्गात कित्येकांनी शून्याचे दिवस सरासरीतून गाळले होते, "पानी नही ते दिवस काय धरना" म्हणून.

आणि मग तो एक कागद. तो एका मुलाचा; त्याचा लूप बिनचूक होता. ९९९९९ बेरजेच्या बाहेर ठेवलं होतं, उणे आकडे टाळले होते, मोठ्यात मोठा आकडा काढला होता. सरासरी मात्र नव्हतीच. तिच्या जागी एक अट : आकडा ६५ च्या वर गेला तर 'पंचनामा' असं छापा. मी बोलावून विचारलं, सरासरी कुठंय? तो शांतपणे म्हणाला, "सरासरीवर पैसे भेटत नहीत, सर. पंचनामा ६५ वर होतो."

चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, हे खान्देशातल्या शेतकऱ्याच्या पोराला पाढ्यासारखं पाठ असतं. त्याचं म्हणणं तपासून बघ. तीस दिवसांची सरासरी रोज ३ मिलिमीटर निघाली, तर ती सुखाची रिमझिम असू शकते, आणि ते सगळेच्या सगळे ९० मिलिमीटर एका रात्रीत कोसळून बांधासकट शेत गेलेलंही असू शकतं. सरासरी दोन्हीकडे सारखीच. नोहाच्या कामाची गोष्ट कोणती, मला सांग.

मी त्याला १० पैकी २ दिले होते. विचारलेलं लिहिलं नाही म्हणून. नियमानं बरोबरच होतं, पण ते दोन गुण अजून डोक्यातून जात नाहीत.

तर भाऊ, माझ्याकडे माल एवढाच आहे. एक वर्ग, एक गणित, एक प्रश्न आणि एक चुकलेला कागद. ओळखीच्या पावसानं त्या पोराला लूप लिहायला मदत केली, की प्रश्नापासून बाजूला ओढलं? मला ठाऊक नाही, आणि तुझ्यावर मी तसंच लिहिणार आहे. आयआयटी मुंबईत योगेंद्र पाल आणि श्रीधर अय्यर यांनी हिंदी माध्यमातून आलेल्या मुलांचं प्रोग्रॅमिंग अभ्यासलं, २०१५ मध्ये विल्नियसच्या परिषदेत मांडलं. त्यांचा प्रश्न शिकवण्याच्या माध्यमाचा. माझा त्याच्या शेजारच्या आळीतला : गणितातला पाऊस कुणाच्या गावचा असावा? उत्तराची घाई करायला मन धजत नाही. प्रोग्रॅमिंग कुणाला जमणार ते आधीच ओळखणारी चाचणी सापडली, असं ब्रिटनच्या देहनादी आणि बोर्नाट यांनी २००६ मध्ये लिहिलं होतं. गाजलंही. २०१४ मध्ये बोर्नाट यांनी ते जाहीरपणे मागे घेतलं. मोठी माणसं मागे घेऊ शकतात. माझं एकदा छापलं गेलं की तालुक्यात फ्लेक्स उतरत नाही.

तुझी मांडणी ठरली आहे. २०१९ मध्ये मिशिगनच्या माइक मॉरिसन नावाच्या विद्यार्थ्यानं पोस्टरांच्या गचाळपणावर एक व्हिडिओ काढला. मधोमध एकच वाक्य, मोठ्या अक्षरात, चालता चालता वाचता येईल असं. बाकीचा पसारा कडेला. हे मला पटलं. तुझ्या मध्यावर असेल : 'सरासरी विचारली, मुलानं पंचनामा काढला.' डावीकडे गणित, मराठीत आणि इंग्रजीत. उजवीकडे त्या कागदाचा फोटो, नाव झाकून. संमतीच्या कागदावर सही घेतली तेव्हा त्यानं विचारलं, "सर, आता मार्क वाढतीन का?" बोधचिन्ह एकच, तळाला, बिल्ल्याएवढं. यावरून वरती बोलणी बसणार आहेत, ती मी खाईन.

खरं तर हे सगळं 'बाजारात तुरी' आहे. आत्ता जायचंय ते तुझं दोन पानी टिपण; ते स्वीकारलं गेलं तर तू. मुदत आज रात्रीची आहे, पण 'पृथ्वीवर कुठंही' या हिशेबानं, म्हणजे जगाच्या पार पश्चिम टोकाला आजची तारीख संपेपर्यंत. आपल्याकडे ते उद्या संध्याकाळी साडेपाचला एक मिनिट कमी. माझा एक सहकारी मागे रात्री बाराला हात टेकून झोपला होता, साडेसतरा तास हातात असताना. तेव्हा आज लाइट गेली तरी चालेल. ॲब्स्ट्रॅक्टमध्ये अजून एक वाक्य अडलं आहे. 'पंचनामा' इंग्रजीत कसा न्यायचा? 'नुकसानीची पाहणी' केलं की त्यातला तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक आणि सहीसाठी उभे केलेले पंच, सगळे गळतात. मी शब्द तसाच ठेवून पुढे एक ओळ खुलासा लिहिणार आहे. जागा जाईल, जाऊ दे.

फ्लेक्सवाल्यानं काल नमुना म्हणून 'पर्जन्यमान' टाइप करून दाखवलं, तर त्याच्या फॉन्टमध्ये रफार उडून भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. तेव्हा तुला मी घरूनच पीडीएफ करून नेणार. आणि तळाला, तो जिथं शुभेच्छुकांचे फोटो लावतो तिथं, फूटभर पट्टी कोरी ठेवायची आहे. सोबत स्केचपेन. येणाऱ्या-जाणाऱ्या मास्तरांनी लिहावं, त्यांच्या गावच्या पोरांनी या गणिताचं काय केलं ते. हे त्याला समजावून सांगितलं. त्यानं स्क्रीनवरच्या त्या पट्टीकडे बघून घेतलं.

"कोरी ठेवली तरी पैसे तेवढेच लागतीन, सर."

तुझा,
लॅबमधल्या तीन नंबरच्या मशीनवरचा सर,
पाचोरा