वाटाड्याचा धंदा

आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजिवांनी बँकेतील नोकरी सोडून लोकांस अरण्य दाखविण्याचा व्यवसाय काढला, तेव्हा घरात दोन दिवस नीट जेवण झाले नाही. वहिनींनी कपाळास हात लावला. चिरंजीव मात्र आमच्या खोलीत येऊन म्हणाले, “काका, झाडांची संस्कृत नावे तुम्ही सांगायची. बाकीचे माझ्यावर सोडा.” शाळेतून निवृत्त झाल्यावर आमचे ऐकावयास कोणी उरले नव्हते. आम्ही तत्काळ होकार दिला, हे येथे कबूल केलेले बरे.

स्थळ ठरले भीमाशंकर. ज्योतिर्लिंगाभोवतीचे हे वन १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेला शेकरू येथे उंच फांद्यांत पानाकाटक्यांची गोल घरटी बांधतो. एकच शेकरू अशी कित्येक घरटी बांधून ठेवतो. रात्री अभयारण्यात शिरावयाचे नाही, म्हणून सीमेवरील एका वाडीत महादेव कोळी समाजातील एका गृहस्थांकडे भोजनाची व मुक्कामाची सोय केली. पहिल्या सहलीस दरडोई दीड हजार रुपये घेऊन बावीस मंडळी जमली.

दिवसा आम्ही हिरड्याखाली उभे राहून भावप्रकाशातील हरीतकीचे सात प्रकार विजयेपासून चेतकीपर्यंत सांगितले. मंडळींनी माना डोलाविल्या. मग यजमान हळूच म्हणाले, “गुरुजी, आम्ही तो कोवळा असतानाच काढतो. आत बी धरली की बाळहिरडा म्हणून कुणी घेत नाही.” त्या झाडावर कित्येक घरांचा वर्षाचा मीठमसाला चालतो, ही गोष्ट आमच्या सात प्रकारांत कोठेच नव्हती.

रात्री जेवणे झाल्यावर यजमानांनी आम्हांस घरामागच्या आपल्या रानात नेले व सर्व दिवे मालवावयास सांगितले. दहा-पंधरा मिनिटे काहीच दिसेना. एका बाईंनी “पैसे वाया गेले” असे उघड म्हणून टाकले. मग डोळे अंधारास सरावले आणि पायांजवळचे एक कुजलेले खोड मंद हिरवट उजेडाने उजळलेले दिसू लागले. पावसाळ्यात ओल्या लाकडात बुरशी वाढते. तिच्यातील एका द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन हा थंड प्रकाश निघतो. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात हिमालयावर रात्री तेलावाचून प्रकाशणाऱ्या ओषधींचे वर्णन आहे. आम्हांस शास्त्रीबुवांनी ती कविकल्पना म्हणून शिकविली, आणि पुढे तीस वर्षे आम्हीही मुलांस तेच सांगत आलो. कालिदासाच्या मनात नेमके काय होते हे आम्ही कोण सांगणार? पण त्या खोडापुढे आम्ही एक शब्द बोललो नाही. आमच्या घरची मंडळी यावर विश्वास ठेवीत नाहीत.

इतक्यात कोणीतरी मोबाईलची बत्ती लावली. सगळ्यांचे डोळे दिपले. छायाचित्रासाठी धक्काबुक्की झाली, बुंध्याजवळचे गवत तुडविले गेले, आणि एका तरुणाने चक्क खोडाचा तुकडा मोडून खिशात घातला. यजमान काही बोलले नाहीत. सकाळी बसमध्ये तो तुकडा कोरडा पडला होता. तरुणाने तो खिडकीबाहेर टाकून दिला.

घरी हिशेब झाला. जमा तेहेतीस हजार. रात्री वाट दाखविल्याबद्दल यजमानांस दिले होते पाचशे. तो आकडा वाचून आम्हांस आमच्याच वहीत चुकीचे उत्तर सापडल्यासारखे झाले. आम्ही म्हणालो, “यापुढे आठांहून अधिक माणसे न्यावयाची नाहीत, आणि यजमानांचा वाटा आधी बाजूस काढावयाचा.”

“काका, आठ माणसांत गाडीचे भाडे तरी सुटेल का?” चिरंजीव चिडून म्हणाले. मग त्यांनीच कागद ओढला. दरडोई अडीच हजार घेतले तर जमा वीस हजार. गाडीचे आठ, यजमानांस वाट दाखविण्याचे चार, भोजनाचे अडीच. उरले साडेपाच हजार. बँकेतील पगार त्यांनी शेजारी लिहिला नाही. तो वहिनींस पाठ होता.

दुसऱ्या सहलीस सहाच नावे आली. निघण्याच्या आदल्या दिवशी यजमानांचा फोन आला, “गुरुजी, आठ दिवस पाऊस नाही. लाकूड वाळलं, उजेड गेला. लोकांना आणून काय दाखवणार?” त्यांनी हे सांगितले नसते तरी चालले असते, त्यांचे चार हजार बुडत होते. चिरंजिवांनी संध्याकाळपर्यंत सहाही जणांचे पैसे परत केले आणि यजमानांनी भरून ठेवलेल्या तांदुळाचे पैसे त्यांच्याकडे पाठविले. वहिनी आमच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा देताना त्यांनी विचारले, “भीमाशंकराकडे पाऊस लागला का हो?”