गाडीतली हवा आणि पाणचक्कीचे बंब

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे. गाडीचा! सायकल आणि लूना यापलीकडे मी काही चालवलेलं नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

मागच्या महिन्यात चाळीसगावला लग्नाला गेलो होतो. गाडी जावईबापूंची, 2017 ची पेट्रोल ऑक्टाव्हिया, आपल्याच शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली. परत येताना औट्रम घाट चढायला लागलो आणि गाडीला धाप लागली. जावईबापू पाय दाबताहेत, पण गाडी ओढेना. समोर पिवळा दिवा लागलेला. गंमत म्हणजे इंजिनाच्या तापमानाचा काटा मात्र मधोमध, शांत. कसेबसे कन्नडला पोचलो.

पंधरा दिवसांपूर्वी दगड लागून पुढचा छोटा रेडिएटर फुटला होता. तो एका गॅरेजात बदलून नवं कूलंट भरून घेतलं होतं. त्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "कूलंट काठोकाठ आहे, माझा काही संबंध नाही."

तेव्हा मला माझा एक जुना विद्यार्थी आठवला. नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. चिकलठाण्याकडे त्याचं छोटं गॅरेज आहे. त्याने डबीत डोकावून पाहिलं, एक नळी चिमटीत दाबली आणि म्हणाला, "सर, भरलेलं दिसतंय, पण भरलेलं नाही. आत हवा अडकलीय."

मग त्याने मला समजेल असं सांगितलं. या गाडीत टर्बो असतो. तो हवा दाबून इंजिनात पाठवतो. दाबली की हवा तापते आणि तापली की विरळ होते. म्हणून तिला वाटेत थंड करायचं, त्या भागाला इंटरकूलर म्हणतात. पुष्कळ गाड्यांत तो समोरच्या वाऱ्यावर थंड होतो. या गाडीत मात्र त्यातून कूलंट फिरतं. त्यासाठी वेगळा छोटा रेडिएटर आणि विजेवरचा छोटा पंप असतो. नळीत हवेचा फुगा अडकला की पंप नुसता हवेतच गरगरतो, कूलंट पुढे सरकत नाही. इंजिनाचा मुख्य फेरा वेगळा, म्हणून तो काटा शांत. पण आत जाणारी हवा तापलेली कळली की गाडीचा कॉम्प्युटर आपणहून जोर कमी करतो.

गाडी पूर्ण थंड होईपर्यंत त्याने झाकणाला हात लावला नाही. "गरम असताना उघडलं तर तोंड भाजतं, सर." मग कॉम्प्रेसरला एक यंत्र जोडून आतली सगळी हवा ओढून घेतली. रबरी नळ्या चपट्या झाल्या. मला वाटलं आता भरेल, पण तो घड्याळ बघत थांबला. काटा जागचा हलला नाही, म्हणजे कुठे गळती नाही. मग कॉक उघडला आणि कूलंट आपोआप आत ओढलं गेलं. वरून ओतावं लागलंच नाही! नंतर कॉम्प्युटर जोडून छोटा पंप काही वेळ चालवला. डबीत दोन-चार बुडबुडे आले.

बुडबुड्यांकडे बघत तो म्हणाला, "सर, सहावीत तुम्ही आम्हाला पाणचक्कीला नेलं होतं. 86 साली. नहरीच्या वाटेवर ते उंच बंब कशाला बांधलेत, असं मी विचारलं होतं."

"मग मी काय सांगितलं?"

"परीक्षेला येणार नाही, म्हणालात."

मला तो प्रसंग आठवत नाही. पण वाक्य माझंच, यात शंका नाही. कितीतरी मुलांना मी ते ऐकवलं असेल. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, पुढे नहर-ए-अंबरी बांधली, हे मी दरवर्षी घडाघडा सांगायचो. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून पाणचक्कीला येतं, हेही सांगायचो. बंब कशाला, ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं. आणि माहीत नाही म्हणायची लाज वाटायची.

उत्तर त्यानेच दिलं. जमिनीखालचा नळ जिथे उंचवट्यावर चढतो तिथे हवा साठते आणि पाणी अडतं. बंब वर उघडा असतो. तिथून हवा निघून जाते आणि पाण्याचा दाबही सांभाळला जातो. "गॅरेजात लागल्यावर पहिल्यांदा रेडिएटरची हवा काढली ना सर, तेव्हा ते बंब आठवले."

मी म्हटलं, "चुकलंच माझं, बाळा." तो कानकोंडा झाला. "राहू द्या सर, चहा घ्या."

गाडी रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी कूलंट बोटभर खाली उतरलं होतं, तेवढं त्याने भरलं. परवा जावईबापू घाट चढून आले. काही त्रास नाही.

काल नातवाने विचारलं, "आजोबा, बंबातून हवा जाते तर पाणी का नाही सांडत?" मी म्हटलं, "मला नक्की माहीत नाही रे, चल विचारून येऊ." रविवारी आम्ही दोघं चिकलठाण्याला जाणार आहोत.